आत राहिलेले कडे

घाटमाथ्यावरच्या एका गावात दिनकरराव नावाचे एक निवृत्त मास्तर सुनेबरोबर राहत होते. मुलगा आदल्या वर्षी वारला होता. सून वैजयंता घाटाखालच्या शहरात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करी. तिचा डावा पाय लहानपणापासून अधू होता. म्हणून नवऱ्याने तिच्यासाठी क्लच नसलेली, जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. गाडीची सगळी निगा तो स्वतः अंगणात राखी.

तो गेल्यावर गाडीकडे कुणी पाहिले नाही. ती चढावर अडखळू लागली. वैजयंता म्हणाली, "मामंजी, असंच चाललं तर मला खालीच खोली घ्यावी लागेल. तुम्ही इथं एकटे कसे राहणार?"

"गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर बदलायला झालंय," मास्तर म्हणाले. "पोरगा हे काम करायचा तेव्हा मी बाजूला बसून बघत असे. मी करतो."

शेजारचे रंगूभाऊ कुंपणापलीकडून बोलले, "मास्तर, विमान तर मीही रोज बघतो."

रविवारी सकाळी मास्तरांनी गाडी पक्क्या स्टँडवर चढवली आणि गिअरबॉक्सच्या तळाची, तेल साठणारी थाळी उतरवली. तेल काळे पडले होते. थाळीतल्या लोहचुंबकावर राखाडी भुकटी साचली होती, ती त्यांनी पुसली. जुना फिल्टर ओढून काढला, नवा दाबून बसवला. तो जरा अडला. नवा आहे, घट्ट असेल, असे त्यांना वाटले. मग थाळी लावून नरसाळ्याने नवे तेल ओतले.

गाडी रस्त्यावर अगदी लोण्यासारखी चालली. वैजयंता कितीतरी दिवसांनी हसली. "आता खोली बघायला नको," ती म्हणाली आणि तिने शिरा केला. रंगूभाऊ शिरा खात म्हणाले, "उडालं म्हणायचं विमान."

दुपार कलली. मास्तर जुना फिल्टर टाकून देण्यासाठी कागदात गुंडाळत होते. त्यांचा हात थांबला. फिल्टरच्या तोंडाला रबराचे कडे असते. या फिल्टरला ते नव्हते. म्हणजे जुने कडे वर गिअरबॉक्सच्या भोकातच चिकटून राहिले होते, आणि नवा फिल्टर त्याच्यावरच चेपला गेला होता. असा फिल्टर धक्क्यांनी सैल होतो. मग तो तेलाऐवजी हवा ओढतो, आणि ऐन चढावर गाडीतला जोरच जातो.

गाडी तर नीट चालत होती. कुणाला काही कळणार नव्हते. कदाचित फिल्टर टिकलाही असता. आणि सांगितले तर सूनबाईचा आपल्या हातावरचा विश्वास उडणार, खोलीचा विषय पुन्हा निघणार. मास्तर तो फिल्टर हातात धरून बराच वेळ पायरीवर बसले.

मग त्यांनी हाक मारली. "वैजू, माझं काम चुकलंय. सगळं पुन्हा उघडावं लागेल."

रंगूभाऊंनी कपाळाला हात लावला. "अहो, चालत्या गाडीच्या पोटात पुन्हा हात कशाला घालता?"

"उद्या घाटात तिला गाडी न्यायचीय, रंगूभाऊ. तुम्हाला नाही, मला नाही."

वैजयंता उठली. ती आत गेली. स्वयंपाकघरातले सर्वांत मोठे पातेले धुऊन, कोरडे पुसून घेऊन आली.

"नवं तेल यात धरा. मातीत नको जायला. आता यात आमटी व्हायची नाही, एवढंच."

मास्तर पुन्हा गाडीखाली सरकले. वैजयंता शेजारी सतरंजी टाकून आडवी झाली आणि बॅटरी धरली. नवा फिल्टर निघाला. वर, भोकाच्या कडेला, जुने कडे होते. काळे, वाळलेले. मास्तरांनी ते हलकेच सोडवून काढले. या वेळी फिल्टर हाताच्या साध्या दाबाने जागेवर बसला.

"पुन्हा दाखवा," वैजयंता म्हणाली. मास्तरांनी तो काढून पुन्हा बसवून दाखवला.

दुसऱ्या दिवशी ती घाट उतरली आणि संध्याकाळी घाट चढून आली. मास्तर फाटकाशी उभे होते. खोलीचे नाव तिने काढले नाही.

"पुढच्या खेपेला मी करीन, मामंजी," किल्ली त्यांच्या हातात देत ती म्हणाली. "तुम्ही बाजूला बसून बघा."

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्या कुणाला दिसत नसली, तरी तिचा धोका ज्याच्या वाट्याला येणार त्याला ती वेळेवर सांगावी. झालेले काम पुन्हा उघडल्याने विश्वास कमी होत नाही, तो तिथेच पक्का बसतो.