भिडस्त भोंगा

यंत्रं आपापसांत बोलत असत त्या काळी एका बिस्किटांच्या कारखान्यात एक भिडस्त भोंगा होता. धूळ बसली की पंखा म्हणे, "शेवंताबाईंना सांग." तेल बोटभर कमी झालं की पंप म्हणे, "माझंही सांग." भोंग्याला नाही म्हणणं जमत नसे. तो सगळ्यांसाठी सारखाच बोंबले आणि आपण किती कामाचे म्हणून फुलून जाई.

यंत्रं सांभाळणाऱ्या शेवंताबाई दिवसातून शंभरदा दचकत. पुढे पुढे दचकणंही संपलं. भोंगा वाजला की त्यांचं बोट न बघताच बटण दाबून त्याला गप्प करी.

एकदा बाबू मिस्त्री कणीक लाटायच्या रुळात अडकलेला गोळा काढत असताना रूळ अचानक फिरायला लागला. भोंगा जिवाच्या आकांतानं ओरडला. शेवंताबाईंनी सवयीनं बटण दाबलं, रूळ फिरतच राहिला. मिस्त्रीची दोन बोटं गेली.

"भोंगा वाजला होता, मीच बंद केला," शेवंताबाई मान खाली घालून साहेबांना म्हणाल्या. भोंग्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्याला तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पंप म्हणाला, "तेल कमी आहे, सांग ना."

"तुझा दिवा लाव," भोंगा म्हणाला. "बाई फेरीला आल्या की बघतील."

सहा महिने तो गप्प होता. मग एकदा भट्टीतून धूर निघाला आणि तो वाजला. शेवंताबाईंचं बोट बटणाकडे गेलं, मध्येच थांबलं, आणि त्या धावल्या. भट्टी वाचली. सगळी यंत्रं भोंग्याचं कौतुक करू लागली. त्याला मात्र बटणाकडे गेलेलं ते बोटच दिसत होतं. ते वळण त्यानंच लावलं होतं.