तळ्याची वाट

वाघ जेवणानंतर चूळ भरत, त्या काळची गोष्ट. रानडुकरानं आपल्या काकडीच्या मळ्याला कुंपण घातलं आणि कासवीची तळ्यावर जायची एकुलती एक वाट बंद झाली. उन्हानं तिची पाठ तडकू लागली, तेव्हा तिनं गव्याकडे न्याय मागितला.

“माझ्या बापानं दयेनं जाऊ दिलं होतं,” रानडुक्कर गुरगुरलं.

“दया मागितली कुणी, बाबा?” कासवी म्हणाली. “गवेदादा, वाटेतल्या दगडावर जीभ फिरवून बघा.”

गव्यानं फिरवली. कासवांच्या पिढ्यांनी पोट घासून दगड गुळगुळीत केला होता.

“वाट तिची,” गवा डुकराला म्हणाला. “वाटेबाहेरचं सगळं तुझं.”

वाटेपुरतं कुंपण निघालं. दुसऱ्या दिवशी वाटेलगतच कोवळी काकडी लोळत होती. डुक्कर झोपलं होतं. भुकेल्या कासवीनं मान लांबवली, मग हळूच मागे घेतली आणि ती तळ्याकडे चालू लागली.