भात्यातला वारा

“उद्या सकाळी वाऱ्याला दरबारात हजर कर, मग तुझी फिर्याद ऐकतो,” असं सोनवडचे राजे राही लोहारणीला म्हणाले आणि उठून आत गेले.

फिर्याद तशी साधी होती. भैरोबाच्या जत्रेत आतषबाजी चालली होती. एक बाण आभाळात जायचा सोडून आडवा सुटला, तो थेट राहीच्या तोंडावर. शेजारी तिचा धाकटा भाऊ सुभाना उभा होता. विचार करायला वेळच नव्हता. त्याने दोन्ही हात मध्ये घातले. राहीचं तोंड वाचलं, सुभानाचे हात कोपरापर्यंत भाजले.

घरात ही दोघंच. तो घण मारायचा, ती भाता ओढायची, त्यावर दोघांचं पोट चालायचं. आता भट्टी थंड पडली होती, आणि वैद्य म्हणत होता, सहा महिने रोज लेप लावला नाही तर बोटं कायमची आखडतील.

राही आधी जत्रेच्या पंचांकडे गेली. पंच म्हणाले, आम्ही फक्त वर्गणी गोळा करतो, बाण हैबतराव बनवतो. मग ती कोतवालाकडे गेली. कोतवालाने उलट तिलाच विचारलं, तुम्ही तिथं उभे कशाला राहिलात?

“तुम्ही बांधलेल्या दोराच्या बाहेर होतो,” राही म्हणाली. “आणखी मागं सरायचं तर शेजारच्या गावात जावं लागलं असतं.”

कोतवालाला एकदम दुसरं काम आठवलं.

शेवटी ती राजांपुढे उभी राहिली. राजांचा नियम होता, ज्याचा दोष त्याने भरपाई द्यावी. पण हैबतरावाने हात जोडून सांगितलं की बत्ती दिल्यावर बाण माझा राहत नाही, तो वाऱ्याचा होतो. वारा फिरला, त्याला मी काय करणार? राजांना ते पटलं. आणि राजांना एकदा पटलं की भैरोबा आला तरी ते फिरत नसत. दोष वाऱ्याचा, तर वाऱ्याला आण!

घरी सुभाना भिंतीला टेकून बसला होता. हात केळीच्या पानात गुंडाळलेले. म्हणाला, “राहू दे आक्का. मोठ्या लोकांशी भांडून माझे हात बरे व्हायचेत का?”

राहीने त्याला आपल्या हाताने भाकरी भरवली. भरवता भरवता तिची नजर कोपऱ्यातल्या भात्यावर गेली आणि तिथेच थांबली.

सकाळी उजाडताच ती जत्रेच्या माळावर जाऊन काहीतरी शोधून आली. मग भाता डोक्यावर घेऊन दरबारात शिरली.

त्या दिवशी दरबार भरलेला होता, कारण जत्रेनंतर उत्तम बाणांबद्दल हैबतरावाला भरजरी शेला द्यायची रीत होती. तबकात शेला तयार होता. हैबतराव नवं पागोटं घालून पुढेच उभा होता. राहीने भाता खाली ठेवला आणि दांडा ओढून दाबला. फस्स! कारकुनाचे कागद उडाले आणि राजांचा तुरा वाकडा झाला.

“महाराज, वारा हजर आहे.”

राजांनी तुरा सरळ केला. “हा तर भात्यातला आहे. मी माळावरचा बोलावला होता.”

“तो दारातून मावेना. मावला तेवढा आणलाय.”

दरबारात खसखस पिकली. राजांनी मिशीआड हसू दाबलं आणि विचार तुला काय विचारायचं ते, असं खुणावलं.

“विचारीन. पण आधी त्याचा मान,” राही म्हणाली. “बत्तीनंतर बाण वाऱ्याचा, असं हैबतरावच म्हणाले. जत्रेत शंभर बाण सरळ वर गेले. तेही वाऱ्यानेच नेले असणार. मग शेला त्याचाच.” आणि तिने तबकातला शेला उचलून भात्यावर पांघरला.

हैबतराव उसळला. “वाऱ्याचा काय संबंध? आमच्या पाच पिढ्यांचा मान आहे तो! तीन हात लांब काडी मी बांधतो, बाण बोटावर तोलून बघतो, म्हणून तो सरळ जातो. मी धाडीन तिकडेच जातो!”

“प्रत्येक बाण?”

“प्रत्येक.”

“वारा फिरला तरी?”

“वादळ आलं तरी!”

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण तोवर राहीने पदराखालून बांबूची काडी काढली होती. काडीच्या एका टोकाला जळका बाण अजून हैबतरावाच्या लाल दोऱ्याने बांधलेला होता.

“माझ्या भावाला लागला तो हा. मोजा महाराज.”

राजांनी स्वतः मोजली. काडी दीड हात भरली. दुसरं टोक जळालेलं नव्हतं, कोयत्याने छाटलेलं होतं. हैबतराव खाली बघत पुटपुटला, की जत्रेच्या दिवशी काड्या कमी पडल्या, म्हणून गड्यांनी एकीच्या दोन केल्या. त्याला वाटलं होतं, कोणाला कळणार नाही.

“म्हणजे वारा निर्दोष,” राही म्हणाली. “त्याला घरी जायची परवानगी असावी.”

राजे इतके हसले की तुरा पुन्हा वाकडा झाला, आणि या वेळी त्यांनी तो तसाच राहू दिला. निवाडा तिथेच झाला. हात बरे होईपर्यंत लेप, वैद्य आणि दोघांचं धान्य हैबतरावाकडून. पुढच्या जत्रेपासून कोतवालाने प्रत्येक काडी मोजायची आणि दोर दुप्पट अंतरावर बांधायचा.

“आणि तुला काय हवं, पोरी?” राजांनी विचारलं.

“घण मीही मारू शकते, महाराज. पण मग भाता ओढायला माणूस उरत नाही. दरबाराला वारा हवा होता, तो मी आणला. आता माझ्या भट्टीला हवाय. तो हैबतरावांनी घालावा.”

राजांना हसता हसता ठसका लागला. मान डोलावूनच त्यांनी हुकूम दिला, आणि भात्यावरचा शेला राहीच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सोनवडची भट्टी पेटली. राही घण मारत होती. हैबतराव नवं पागोटं बाजूला ठेवून घामाघूम होऊन भाता ओढत होता. आणि सुभाना खांद्यावर भरजरी शेला घेऊन ओट्यावर बसून त्याला सांगत होता, “जरा दमानं, हैबतराव. वारा फिरला, तर दोष तुमच्यावर येईल.”