तहहयात अध्यक्षांची गैरहजेरी

सलग तीन सभा चुकवल्या की पद गेलं, हा नियम शिक्षणसंस्थेचे तहहयात अध्यक्ष दादासाहेब वाकनीस यांनीच केलेला. त्या नियमावर त्यांनी कितीजणांना घरी बसवलं! पुढे ते वारले. पुन्हा जिवंत होतील म्हणून देह बर्फात ठेवला आणि त्यांच्या मेंदूची नक्कल भरलेली पेटी अध्यक्षांच्या खुर्चीवर आली.

मृत्यूनंतरच्या तिसऱ्या सभेतही पेटी गरजली, "मीच दादासाहेब! मी जिवंत आहे, खुर्ची सोडणार नाही."

संस्थेच्या वकिलांनी कायद्याचं पुस्तक मिटलं. पेटीच्या मृत्यूचा दाखला देणार कोण?

मुख्याध्यापिका टिळेकरबाई उठल्या. "आपण इथे आहात, मग बर्फातल्या त्या देहाला आजच अग्नी देऊ ना?"

"खबरदार! मला जाळता?" पेटी किंचाळली.

"म्हणजे दादासाहेब बर्फातच आहेत," बाई कारकुनाकडे वळल्या. "लिहा हो, अध्यक्ष सलग तिसऱ्या सभेला गैरहजर."