चुलीतून आलेला कागद

करंजवाडीच्या ओढ्याकाठी, आज जिथे चिंचेला पार बांधला आहे तिथेच, ओढेकर महाराजांचे छप्पर होते. महाराज मूळचे कुठले ते कुणालाच ठाऊक नव्हते. ओढ्यावर राहिले म्हणून ओढेकर, एवढेच! अंगावर घोंगडी, जवळ एक पितळी तांब्या. कुणी बाई पाया पडायला वाकली की महाराज आधी तिच्या कडेवरच्या लेकराच्या मुठीत गुळाचा खडा ठेवायचे आणि मग म्हणायचे, "हं, आता बोल गं माय."

त्या गावात सुंदरा नावाची सून होती. नवरा साखर कारखान्यावर हंगामी कामाला, घरात सासू कोंडाबाई आणि दीड वर्षाची शेवंता. बाळंतपणानंतर सुंदराच्या हातांवर पांढरे डाग उठले. कोड! मग काय विचारता? सारा गाव वैद्य झाला. कुणी करंजाचे तेल चोळायला लावले. कुणी बावची वाटून दिली; ती लावून उन्हात राबल्यावर हात फोडांनी भरून आले. आणि गुण आला नाही तेव्हा औषध सांगणाऱ्यांनीच निकाल दिला, "मागल्या जन्मीचं काहीतरी असणार." खोकल्याला कुणी मागला जन्म विचारत नाही. कातडीला मात्र सगळे विचारतात!

शेवंताला यातले काहीच माहीत नव्हते. आईच्या हातांना पीठ लागले आहे असे तिला वाटायचे. अंगावर पिता पिता ती आपल्या इवल्याशा तळव्याने ते पीठ पुसत राहायची. पुसले जाईना की आईकडे बघून हसायची.

एका बुधवारी सुंदरा धीर करून तालुक्याला गेली. डॉक्टरांच्या पाटीवर लिहिले होते, 'त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ'. आत गेल्यावर कंपाउंडर दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, मागच्या बोळातूनही दार आहे. अब्रूची माणसं तिकडून येतात." सुंदराला ते ठाऊक नव्हते. ती भर बाजारात, पुढच्या दाराने आली होती.

डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन उजेडात धरले. दीड वर्षात परक्या माणसाने तिच्या हाताला हात लावला नव्हता. तिला रडूच फुटले. ते म्हणाले, "कोड आहे. औषध करू. रंग येईल, न येईल, वेळ लागेल. पण हे शिवल्यानं कुणाला होत नाही. लेकराला खुशाल पाजा." सुंदरा म्हणाली, "हे माझ्या सासूला कोण सांगणार, डॉक्टर?" तेव्हा त्यांनी आपल्या नावाच्या कागदावर तेच मराठीत लिहून दिले.

पण पाटीखालून बाहेर पडताना गावातल्या कुणीतरी तिला पाहिले होते.

चैत्रात महाराजांच्या छपरापाशी भंडारा असे. भंडाऱ्याचा सगळा कारभार व्यंकटतात्यांकडे. खणखणीत आवाज, कडक इस्त्रीचा लांब बाह्यांचा सदरा. तात्या बोलतील ते गावात चालायचे. सुंदरा दरवर्षीसारखी पोळपाट घेऊन पुऱ्या लाटायला बसली. तोच तात्या समोर उभे.

"ऊठ. कुणी बसवलं तुला इथं?"

"दरसाल मीच लाटते, तात्या. महाराजांनीच सांगितलंय."

"महाराज भोळे आहेत. त्यांना काय ठाऊक तू कुठल्या पाटीखाली जाऊन आलीस ते!" तात्यांनी आवाज चढवला. "ऐकलं का गं बायांनो? नाव सुंदरा, आणि बुधवारी बसली कुठं, तर गुप्तरोगवाल्याच्या दारात!"

बायका पदराआड हसल्या. सुंदराचे कान तापले. "पाटीवर आधी त्वचारोग लिहिलंय, तात्या. तुम्ही तेवढंच कसं वाचलंत?"

"मोठी शहाणी झाली! अगं, तो काय डॉक्टर आहे? ना पोट कापतो, ना हाड जोडतो. मलमवाला तो! चांगल्या घरची बाई त्याच्याकडं जाते होय?"

सुंदराने कमरेचा कागद काढला आणि सासूपुढे धरला. "आत्याबाई, कुणाकडूनही वाचून घ्या. शिवल्यानं होत नाही म्हणून लिहून दिलंय."

कोंडाबाईचा हात पुढे येण्याआधीच तात्यांनी कागद हिसकला, चुरगाळला आणि चुलीत भिरकावला! "झालं वाचून. कोंडाबाई, हिला दुपारच्या गाडीनं माहेरी धाडा. पोर इथंच ठेवा. अंगावरचं तोडा तिचं, नाहीतर तीही डागाळेल."

कोंडाबाई वाईट नव्हती. पण तात्यांपुढे तिची जीभ टाळूला चिकटायची. तिने मान खाली घालून शेवंताला उचलले. लेकरू आईकडे झेपावत किंचाळले. सुंदराचा पदर दुधाने भिजला. आईच्या कुशीतले तान्हे ओढून काढताना शंभर माणसे उभी होती, आणि एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. या गप्प बसण्याला काय म्हणावे?

"महाराज!" सुंदरा एवढेच ओरडली.

महाराज चुलीपाशी कधी आले ते कुणालाच दिसले नाही. त्यांनी घोंगडी मागे सारली आणि धगधगत्या चुलीत सरळ हात घातला. बायका किंचाळल्या. हात बाहेर आला तो कागद घेऊनच! कड काळवंडली नव्हती, अक्षर पुसले नव्हते, चुरगळल्याची घडीसुद्धा नाही.

"हाय हाय! चटका बसला की रे!" महाराज हात झाडत लहान पोरासारखे फुंकर घालू लागले. बोटांवर टरारून फोड आले होते. कागद जळला नाही आणि महाराज भाजले, हे काय आक्रीत!

"ही नजरबंदी आहे!" तात्या ओरडले. कागद घ्यायला ते पुढे वाकले आणि आधारासाठी डावा हात टेकला तो तेलाच्या कढईच्या काठावर.

चर्र झाले. वास सुटला. तात्या बोलतच होते, "असले कागद मी छप्पन्न..."

"व्यंकटा," महाराज हळूच म्हणाले, "हात भाजतोय तुझा."

तात्यांनी खाली पाहिले. हात उचलला. तळव्याची कातडी कढईलाच राहिली होती, आणि चेहऱ्यावर वेदनेची रेघ नव्हती. होती ती नुसती भीती.

"मला चटका बसला. तुला बसला नाही. चटका बसणं हे देवाचं केवढं देणं आहे, कळलं? बाही वर कर."

मनगटापासून कोपरापर्यंत एक फिकट, कोरडा चट्टा होता. तीन वर्षे तात्या तो लांब बाहीखाली लपवून चोरून करंजेल लावत होते.

"महारोग!" कुणीतरी पुटपुटले, आणि मघाशी तात्यांच्या शब्दासरशी हसणारा गाव दहा पावले मागे सरकला.

तेव्हा महाराज संतापले. गावाने त्यांना तसे कधी पाहिले नव्हते. "मागं कुठं पळता? मघाशी या पोरीचं लेकरू ओढलंत, आता याला गावाबाहेर काढाल. पाप म्हणायला जीभ उचलते कशी तुमची? आजार आहे तो! औषध आहे त्याला! वेळेवर गेला तर बोटं वाचतात. मलमवाला म्हणून ज्याला हसलात ना, तोच वाचवतो!"

तात्या बाही पुन्हा खाली ओढू लागले. "महाराज, तुमची विभूती द्या. इथंच बरं करा. मी त्या पाटीखाली... लोक काय म्हणतील?"

"विभूती कपाळाला लावतात, व्यंकटा. औषध तिकडं मिळतं. हा कागद मी सुंदरासाठी काढला नाही. तिला जे कळायचं ते कळलेलं आहे. त्यावर डॉक्टराचं नाव आहे, गाव आहे, बसायचा वार बुधवार आहे. तुझ्यासाठी काढलाय तो."

सुंदराच्या मनात राग नव्हता असे नाही. होता, आणि रास्त होता. कोंडाबाईने रडत रडत शेवंताला तिच्या कडेवर दिले. लेकरू छातीला बिलगले. सुंदराने आपल्या लुगड्याची कड फाडली, गार पाण्यात बुडवली आणि त्या डागांच्या हातांनी तात्यांचा भाजलेला तळवा गुंडाळला.

"बुधवारी पहिल्या गाडीनं निघू," ती म्हणाली.

बुधवारी पाटीसमोर येताच तात्या थबकले. आवाज पार बसला होता. "सुंदरा, मागनं वाट आहे म्हणतात."

"आहे, तात्या. चोरासारखं यायचं असेल तर आहे. मी पुढच्या दारानं जाते."

कडेवरची शेवंता आईच्या हातावरचे पीठ पुसत होती. तात्या तिच्याकडे बघत राहिले. मग भर बाजारात, येणारेजाणारे बघत असताना, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सुनेच्या वयाच्या त्या बाईपुढे वाकले. तिचे दोन्ही हात धरून त्यांनी कपाळाला लावले. डोळ्यांतले पाणी त्या पांढऱ्या डागांवर पडले.

सुंदराचे कोड गेले का, असे लोक आजही विचारतात. काही गेले, काही राहिले. तात्यांची बोटे मात्र दहाच्या दहा वाचली. भंडाऱ्याच्या पंगतीत ते सुंदराच्या हातची पहिली पुरी मागून घ्यायचे, आणि गरम पुरीचा चटका बोटाला जाणवला की मोठ्याने म्हणायचे, "बसला रे, महाराज, बसला!"