राजाच्या गालावरची रेघ

त्या राज्यात प्रत्येक नाण्यावर एकच चेहरा होता, आणि त्या राजाआधी इथे कोणीही राज्य केले नव्हते, असे सर्वांना लहानपणीच शिकवले जाई.

टांकसाळीत भिवरा नावाची पारखी होती. बाजारात फिरून आलेली जुनी नाणी तिच्यासमोर येत आणि त्यांतली ठोकताना चुकलेली तेवढी ती वेगळी काढी. कुठे शिक्का सरकून राजाची हनुवटी नाण्याबाहेर गेलेली असे, कुठे घाव दोनदा बसून एका नाकाची दोन नाके झालेली असत. तीस वर्षांत तिला ओळखता आली नाही अशी चूक नव्हती.

एका सकाळी चांदीच्या एका नाण्यावर, राजाच्या गालावर, तिला बारीक रेघ दिसली. ओरखडा असेल म्हणून तिने नख फिरवले. ओरखडा नखाला खोल लागतो. ही रेघ उंच होती. घाव दोनदा बसला असेल? पण मग राजाचेच नाक पुन्हा उमटले असते. तिने नाणे खिडकीच्या उजेडात तिरके धरले. राजाच्या गालातून एक बाई दुसऱ्या दिशेला पाहत होती. तिच्या नाकात नथ होती, आणि नथीतला मोतीन्‌मोती दिसत होता.

बिनचूक ठरवलेल्या ढिगातले एक नाणे उचलून भिवराने तसेच धरले. राजाच्या कानामागे कोणाची तरी पगडी होती. तिसऱ्या नाण्यावर मुकुटाखाली न वाचता येणारी अक्षरे होती.

टांकसाळीचे प्रमुख हैबतराव फेरीवर आले, तेव्हा ती नाणे धरून तशीच बसली होती.

"काय झालं, भिवराबाई?"

तिने नाणे त्यांच्या हातात दिले. त्यांनीही ते उजेडात तिरके धरले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "शिक्का सरकलाय, असं लिहा."

"सरकलेला नाही. अगदी मधोमध बसलाय. खालचं नाणंच आधी कोणाचं तरी होतं."

"अशी किती आहेत?"

"ठाऊक नाही. तीस वर्षं मी नुसतं राजाकडेच बघत होते."

"मी सांगतो तसं लिहा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

भिवराने लेखणी उचलली नाही. "चूक असती तर लिहिली असती," ती म्हणाली.

हैबतरावांनी सगळा ढीग, बरेवाईट न निवडता, लोखंडी परातींत भरायला लावला आणि भट्टीकडे नेला. भिवरा मागोमाग गेली. तिला कोणी अडवले नाही.

पराती निखाऱ्यांवर सरकवल्या गेल्या. चांदी तापू लागली तसा राजाचा चेहरा काळवंडला. मग त्या काळ्यातून उजळ रेघा निघू लागल्या. नथवाली बाई वर आली. पगडीवाला म्हातारा आला, मोकळ्या केसांचा कोणी तरुण आला, आणि मग बाई की पुरुष हेही सांगता येऊ नये इतके जुने चेहरे, एकाखालून दुसरा, तांबूस उजेडाने भरलेले. भट्टीवाल्यांचे भात्यावरचे हात थांबले.

"आणखी ताव द्यायचा का?" त्यांच्यातल्या एकाने हळूच विचारले.

हुकूम देण्यासाठी हैबतरावांनी उजवा हात उचलला. तो वर जाऊन क्षणभर थांबला, आणि मग आपोआप, दरबारात झुकतो तसा, मुजऱ्यासाठी खाली झुकला.