ठकूबाईचा शीण

फार वर्षं झाली, हिरडखोऱ्यात गाठीचा ताप आला. माणसांनी घरं सोडून माळावर झोपड्या घातल्या. आजाऱ्यांच्या झोपड्या वेगळ्या, ओढ्यापलीकडे. तिथं जायला चारच बायका निघाल्या. बायजा त्यांच्यातली थोरली. त्या आजाऱ्यांना उचलायच्या, कुशीवर वळवायच्या, पाणी पाजायच्या. त्या चौघी पडल्या असत्या, तर पलीकडचं कोणीच वाचलं नसतं.

त्यांना उभं ठेवलं ठकूबाई सुईणीनं. रोज दिवेलागणीला ती करंजाचं तेल घेऊन यायची. बाभळीचा काटा ज्योतीवर धरून त्यांच्या खांद्यात, मनगटात, गुडघ्यामागं हलकेच टोचायची आणि मग पाठी चोळायची. शीण उतरायचा आणि तिच्याच हातांत शिरायचा, असं म्हणतात.

एकविसाव्या दिवशी ती म्हणाली, "बायजे, माझ्या खांद्यावर जरा हात फिरव गं."

"तुला कसला शीण?" बायजा म्हणाली. "उचलायचं आम्ही. तू तर बसून असतेस."

"तेही खरंच," म्हणत ठकूबाईनं तेलाची वाटी उचलली.

सकाळी ती ओढ्याकाठी बसल्या जागी मेलेली सापडली. ना ताप, ना गाठ.

चौघांनी तिरडीला खांदा दिला, तर तिरडी हलेना. आठ जण आले, सोळा आले. बैल जुंपले, तर दोर तुटले. चौघींचा एकवीस दिवसांचा शीण तिच्यात साठला होता, असं म्हणतात. शेवटी बायजा उशाशी बसली आणि त्या गार खांद्यांना तेल चोळू लागली. दुपार टळली. प्रेत हलकं होत गेलं तशी बायजा वाकत गेली. मग दोघांनीच तिरडी नेली. बायजाची पाठ मात्र पुन्हा सरळ झाली नाही.

आता गावात सरकारी दवाखाना आहे. ठकूबाईच्या तिथीला बायका तेल घेऊन तिथं जातात आणि नर्सबाईंसकट रिंगण करून बसतात, प्रत्येकीचे हात पुढचीच्या खांद्यांवर. रिंगणच, कारण ओळीत बसलं की एक जण उरते. लग्नानंतर मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझ्यापुढं नर्सबाई होत्या आणि मागं सासूबाई, ज्यांचा हात एरवी माझ्या कामावरच फिरतो, चूक शोधत.

"दमलात का हो?" मी नर्सबाईंना विचारलं.

सासूबाईंनी माझा खांदा दाबला. "विचारायचं नसतं," त्या हळूच म्हणाल्या. "विचारलं तर बाई नाहीच म्हणते. अन् आपणहून मागायला लागली, तर उशीर झालेला असतो."